बॉयलरशेजारचा स्वेटर

मंगळवार, ३ सप्टेंबर. हवा कोरडी, ऊन लख्ख. नळाला पाणी वेळेवर. शेजारणीची कात्री परत केली. दुपारी अर्धा तास झोप. भाऊजी कामावरून पावणेसातला आले, म्हणजे पन्नास मिनिटं उशिरा. वाटेत काय झालं विचारलं तर म्हणाले, "चालत होतो." जेवायला सात हाका माराव्या लागल्या. त्यांची तपासणी शुक्रवार, २५ ऑक्टोबरला.

एवढं लिहून वहिनींनी पेनाला टोपण लावलं आणि त्या 'सात'कडे बघत बसल्या. जेवायच्या हाका कोण मोजतं, असं कुणालाही वाटेल. वहिनी मोजत. दिवस जसा गेला तसा लिहावा, त्यात आपलं मत घालू नये, असं शाळेतल्या सिस्टरांनी त्यांना नवव्या वर्षी सांगितलं होतं आणि आता त्र्याहत्तराव्या वर्षीही त्यांनी ते सोडलं नव्हतं. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा त्यांनी आधी तारीख, वार आणि हवा लिहिली आणि मग रडल्या.

भाऊजी म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. वय छप्पन्न. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की "वेळ कुठे मिळाला?" म्हणत, आणि ते खोटंही वाटत नसे. पायाला भिंगरी होती. बशीत चहा ओतून तो उभ्या उभ्या पीत, चपला घालता घालता बटणं लावत. न्हाव्याच्या खुर्चीत मात्र त्यांना बसावं लागे, आणि तेवढी वीस मिनिटं आयुष्यातून वाया गेली असं ते घरी येऊन सांगत. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात ते बॉयलर सांभाळत. एकतीस वर्षं. तिथे त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच होतं. तळापासून वरपर्यंत सगळे त्यांना तुफान म्हणत.

बॉयलरघराच्या भिंतीवर भाऊजींनी स्वतःच्या हाताने, लाल रंगात, एक पाटी रंगवली होती : 'काटा रेघेपुढे, पुरवठा कमी. आधी कृती, मग चौकशी.' सुट्टीच्या दिवशीही ते ही पाटी जगत. घरातला गॅस, नळ, पंखा, वहिनींचा रेडिओ, सगळ्यांचा पुरवठा ते जाता येता कमी करून जात.

अशा माणसाला मार्चअखेरीस काहीतरी झालं. ते घरात कुणालाच कळलं नाही, कारण भाऊजी हळू झाले म्हणजे जेमतेम इतर माणसांइतके झाले. बातमी आणली ती मोठ्या मावशीने. मोठी मावशी नात्यातली नव्हे, सगळे तिला तशी हाक मारत; ती कारखान्यातल्या घडीखात्याची मुकादम. वाळलेल्या चादरी आणि रुमाल जिथे घडी करून मोजतात, तिथे तिचं राज्य. तिचं आणि भाऊजींचं वाफेवरून तीस वर्षं भांडण होतं. वाफ कमी पडली की चादरी दमट येत, आणि दमट चादर आली की मावशीचा आवाज धुराड्यातून बाहेर ऐकू जाई.

"वहिनी, तुमच्या तुफानाने आज काय केलं माहीत आहे?" ती दारातच म्हणाली. "बॉयलरशेजारी स्वेटर घालून बसला. तिथे माझा वेणीचा रबर वितळतो! वर मला विचारतो, खिडकी लावू का, गार वारा येतोय."

"ताप असेल," वहिनी म्हणाल्या.

"ताप कसला! हात लावून बघितला. मासा बरा."

वहिनी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई न करता बोलत. त्यांनी भाऊजींची नाडी पाहिली, कोरडी कातडी पाहिली, घोगरा झालेला आवाज ऐकला, पोट साफ होतं का ते विचारलं, त्यावर भाऊजींनी छताकडे पाहिलं, आणि मग त्यांचं रक्त तपासायला पाठवलं.

"तुमच्या गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी आहे," त्या म्हणाल्या. "थायरॉइड. ती एक रस बनवते आणि रक्तात सोडते. त्यालाच हॉर्मोन म्हणायचं. तो अंगभर फिरून प्रत्येक पेशीला सांगतो, किती वेगाने जळायचं. हृदयाला सांगतो, आतड्याला सांगतो, मेंदूलाही सांगतो. तुमची ग्रंथी मंदावली आहे, म्हणून सगळं अंगच मंदावलंय."

"म्हणजे बॉयलर," भाऊजी ताठ होऊन म्हणाले.

"तसं म्हणा."

भाऊजींना एवढा आनंद झाला की आजार झालाय हे ते विसरले. आजवर शरीर या वस्तूबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. आता गळ्यात बॉयलर आहे म्हटल्यावर ते घरी येईपर्यंत गळा चाचपत होते.

रोज सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर एक गोळी, मग पाऊण तास चहासुद्धा नाही, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून कागद मला दाखवायचा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मे महिन्यात भाऊजी जिने चढू लागले. वहिनींचा जीव भांड्यात पडला. जूनमध्ये भाऊजी एकटेच जाऊन रक्त देऊन आले, कागद घेऊन आले, आणि "ठीक आहे, थोडं मी बघून घेतो" असं म्हणाले. वहिनींनी ते वाक्य तारखेसह लिहून ठेवलं. त्याचा अर्थ काय, हे विचारायला हवं होतं, ते मात्र विचारलं नाही.

जुलैत ते पुन्हा मंदावले. ऑगस्टमध्ये बॉयलरघरात डुलकी घेताना सापडले. ते जागे राहावेत म्हणून मोठी मावशी दर तासाला दोन मजले उतरून "वाफ कुठाय?" असं ओरडून जात असे. वाफ भरपूर असतानाही ओरडे. पण एकदा तिच्याआधी मॅनेजर पोचला. मॅनेजर वाईट नव्हता. त्याने भाऊजींची पहाटे सहाची पहिली पाळी काढून त्यांना दिवसपाळीवर, दुसऱ्या माणसाच्या नजरेखाली ठेवलं आणि हातात पत्र दिलं. २५ ऑक्टोबरला कारखान्याचे डॉक्टर तपासतील. पास झालात तर बॉयलर तुमचा. नाही तर घडीखात्यात बदली, रुमाल मोजायला.

"मोठ्या मावशीच्या हाताखाली?" वहिनींनी विचारलं होतं.

भाऊजींनी मान हलवली. ती हलायलाच पाच सेकंद लागली.

"तिने माझ्यासाठी खुर्ची बाजूला काढून ठेवली आहे," ते सावकाश म्हणाले. "उशी घालून."

 वाफेशिवाय भाऊजी म्हणजे काय, याची वहिनींना कल्पनाच करता येईना.

तर, त्या सात हाकांच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, वहिनींनी औषधाचं फडताळ आवरायला काढलं. भाऊजींच्या गोळ्यांची शंभराची बाटली १ जूनला उघडली, अशी त्यांच्याकडे नोंद होती. रोज एक याप्रमाणे चार गोळ्या उरायला हव्या होत्या. त्यांनी बाटली ताटलीत उपडी केली. चोपन्न अख्ख्या गोळ्या निघाल्या आणि तीन चतकोर. चतकोर इतके नेमके कापलेले की कडेला भुगासुद्धा नाही. असं काम घरात एकाच माणसाचं.

संध्याकाळी भाऊजी आले तेव्हा ताटली टेबलावर होती.

"हे काय आहे, भाऊजी?"

"गोळ्या."

"त्या दिसतायत. त्या बाटलीत का आहेत, तुमच्या पोटात का नाहीत?"

भाऊजी खुर्चीत बसले, स्वेटरची बाही खाली ओढली, आणि पाकिटातून जूनचा घडी घातलेला कागद काढला. "हे बघा. टीएसएच, अकरा. शेजारी लिहिलंय, जास्तीत जास्त साडेचार. वर बाण. म्हणजे काटा रेघेच्या पुढे. मग पुरवठा कमी करायचा की नाही? अर्धी केली."

"आणि मग?"

"मग तब्येत बिघडायला लागली. म्हटलं, अजून जास्त होत असणार. म्हणून पाव केली."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "डॉक्टरीणबाईंना विचारायचं सुचलं नाही?"

"बॉयलरचा काटा वाचायला मी कधी दुसऱ्याला बोलावलंय?" एवढं बोलून भाऊजींना दम लागला.

"आणि कापल्या कशाने?"

"कामावरच्या शेगड्यात धरून, लोखंड आवळून कापतात ना, त्यात. बारीक पात्याने." त्यांच्या आवाजात जरासा अभिमान होता. वहिनींनी त्याकडे दुर्लक्ष केलं.

गुरुवारी सकाळी त्या भाऊजींना, ताटलीतल्या गोळ्यांना आणि या वर्षीच्या डायरीला घेऊन डॉक्टरीणबाईंच्या समोर जाऊन बसल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. हसू येत होतं ते त्यांनी खोकून घालवलं.

"काका, हा आकडा तुमच्या थायरॉइडच्या रसाचा नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी दुसरी ग्रंथी असते. ती थायरॉइडला हुकूम पाठवते, काम कर म्हणून. टीएसएच म्हणजे तो हुकूम. रस कमी पडला की हुकूम वाढतो. रस पुरेसा झाला की हुकूम कमी होतो."

"म्हणजे आकडा वर..." भाऊजी म्हणाले आणि थांबले.

"म्हणजे रस कमी."

"पण बाण वर आहे."

"बाण हुकुमाचा आहे, काका."

भाऊजींच्या चेहऱ्यावर काही उमटेना. एकतीस वर्षांची पाटी आड येत होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन गोल काढले, मध्ये बाण काढले, एक बाण खोडला. भाऊजी त्या चित्राकडे दुसऱ्याच्या कारखान्याचा नकाशा बघावा तसे बघत होते. शेवटी वहिनींना राहवलं नाही.

"भाऊजी, मी तुम्हाला जेवायला हाक मारते की नाही?"

"मारता."

"पहिल्या हाकेला आलात तर किती हाका?"

"एक."

"आलाच नाहीत तर?"

"मारतच राहता."

"परवा सात मारल्या. म्हणून तुम्ही सातपट जेवलात का?"

 भाऊजींचे डोळे, किती तरी दिवसांत पहिल्यांदा, पूर्ण उघडले.

"म्हणजे अकरा हाका चालल्या होत्या," ते म्हणाले, "आणि मी हाक मारणाऱ्याचं तोंड बंद करायला जेवणच कमी केलं."

"आणि कमी केलंत म्हणून हाका आणखी वाढल्या."

"अरे देवा," भाऊजी म्हणाले. "मी तर अगदीच गाढव निघालो."

"गाढव नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निम्मे पेशंट असंच वाचतात. फक्त शेगड्यात धरून कुणी कापत नाही. आजी, या हाका तुम्ही खरंच मोजता?"

वहिनींनी डायरी पुढे केली. मार्चच्या सुरुवातीला रोज एक हाक. एप्रिलमध्ये चार. मे संपताना दोन. जुलैत तीन, ऑगस्टमध्ये पाच, आता सात. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोटाने ओळी जुळवत गेल्या. त्यांनी मग भाऊजींचं रक्त पुन्हा घेतलं. शनिवारी आकडा आला, बावन्न.

"बावन्न!" भाऊजी हादरले. "एवढं कोण ओरडतंय आत?"

पण त्या गुरुवारी, उठायच्या आधी, त्यांनी खरा प्रश्न विचारला होता. टोपी हातात फिरवत. "बाई, पंचवीस ऑक्टोबरपर्यंत होईल का?"

"सात आठवडे आणि एक दिवस," वहिनींनी लगेच सांगितलं.

"पूर्ण गोळी रोज घेतलीत तर बराच फरक पडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण यात जोर लावता येत नाही. गोळी आज घेतली म्हणून उद्या तुफान होत नाही. अंगात हळूहळू साठत जातं."

"दोन घेतल्या तर?"

"तर छाती धडधडेल आणि हात थरथरतील. थरथरत्या हाताने झडप फिरवून दाखवणार आहात का?"

"दीड?"

"काका!"

बाटली वहिनींच्या ताब्यात गेली. सकाळी सहाला त्या एक गोळी आणि पेलाभर पाणी घेऊन उभ्या राहत, गोळी गिळल्यावर "तोंड उघडा" म्हणत, आणि मग पाऊण तास टेबलाशी समोरासमोर बसत. भाऊजींना जगातल्या कुठल्याही गोष्टीची वाट पाहायची सवय नव्हती. पण सुरुवातीचे दिवस त्यांच्यात तक्रार करण्याएवढीही ताकद नव्हती. ते पेल्याकडे बघत बसत, आणि वहिनींना ते बघवत नसे. पहिला आठवडा काही नाही. दुसरा काही नाही. तिसऱ्या आठवड्यात मोठी मावशी रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "खुर्चीला नवीन उशी शिवली आहे, त्याला सांगा." वहिनींनी सांगितलं नाही.

चौथ्या आठवड्यातल्या एका सकाळी वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. मागून बोटांचा ताल ऐकू आला. मग खुर्ची सरकली.

"झाला का पाऊण तास?"

"एकवीस मिनिटं झाली आहेत."

"तुमचं घड्याळ बंद पडलंय! या घरात चहा मिळतो की नाही? माणसाने काय पाण्यावर जगायचं?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं या किरकिरीने त्यांचं डोकं उठत असे. आज त्यांना ती ऐकत राहावीशी वाटली. त्यांनी चहा तरीही पाऊण तासानेच दिला.

ऑक्टोबरमधल्या कागदावर आकडा सहावर आला. अजून रेघेच्या थोडा पुढे. भाऊजींनी तो कागद पाहिला, बोट बाणावर ठेवलं, आणि स्वतःलाच बजावल्यासारखं म्हणाले, "अजून थोडं वाढा. जेवण चालू ठेवा." पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता गोळी बदलायची नाही, अंगाला अजून वेळ द्या. अंग आणि कारखान्याचे डॉक्टर यांची वेळ एक नव्हती, एवढीच अडचण होती.

२५ तारखेला वहिनी कारखान्यात गेल्या. बॉयलरघरात जायची परवानगी नव्हती, म्हणून मोठ्या मावशीने त्यांना घडीखात्याच्या काचेपाशी उभं केलं. तिथून बॉयलरघर खाली सगळं दिसे. कोपऱ्यात उशीची खुर्ची होती. वहिनींनी तिच्याकडे पाठ केली.

खाली कारखान्याच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, काहीतरी लिहिलं. मग मॅनेजरने शिट्टी तोंडात धरली. शिट्टी झाली की बावीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढायची, वरची झडप बंद करायची आणि खाली यायचं. दोन मिनिटांत.

शिट्टी झाली. भाऊजी चढले. पाच, आठ, दहा, बारा. बाराव्या पायरीवर थांबले.

"दम लागला," मोठी मावशी पुटपुटली आणि तिने वहिनींचा दंड घट्ट धरला. "चढ रे! चढ ना, मेल्या!"

भाऊजी चढेनात. एका हाताने शिडी धरून ते बाजूच्या नळाकडे वाकले. खिशात हात घातला. पाना काढला. नळाच्या सांध्यावर तो बसवला, जोर लावला, बोटाने पुसून पाहिलं, पुन्हा थोडा आवळला. मग पाना खिशात, आणि वर. झडप बंद. खाली.

"दोन मिनिटं दहा सेकंद," डॉक्टर म्हणाले.

"काका, मध्येच थांबलात कशाला?" मॅनेजर ओरडला. तो इतका ओरडला की काचेच्या अलीकडेही ऐकू आलं.

"गळत होतं!"

"तुमची परीक्षा चालू होती!"

"मग गळायचं थांबणार होतं का? कधीपासून गळतंय हे? दोन महिने मी खाली काय बसलो, कुणी वर चढलंच नाही वाटतं! साहेब, तुम्हीच बघा, तो खालचा सांधाही..."

डॉक्टरांनी हात वर केला. ते वयस्कर होते आणि दमले होते. "नियम दोन मिनिटांचा आहे. पुन्हा चढाल? का बसून..."

वाक्य पुरं व्हायच्या आत भाऊजी शिडीवर होते. यावेळी एक मिनिट वीस सेकंद लागले, तेही उतरताना ते खालच्या सांध्याबद्दल बोलत होते म्हणून.

"हा परत आला," मोठी मावशी म्हणाली. तिने डोळे पुसले, मग वहिनींनी पाहिलं का ते पाहिलं. "आता उद्यापासून पुन्हा दमट चादरी. एवढी उशी शिवली मी, वायाच गेली."

"तुम्ही बसा तिच्यावर," वहिनी म्हणाल्या.

"मी? मला वेळ कुठे आहे?"

एक वर्षासाठी पात्र, असा शेरा मिळाला. पहिली पाळी परत मिळाली. अट एकच. दर महिन्याला घरच्या जबाबदार माणसाने गोळ्या नियमित घेतल्याचं लिहून सही करायची. वहिनींना खाली बोलावून मॅनेजरने तो फॉर्म पुढे केला. त्यांनी चष्मा लावला.

"एवढ्याशा चौकोनात?"

"फक्त 'होय' लिहायचं, आजी."

"कधी घेतली, किती वाजता, पाण्याबरोबर की नाही, हे कुठे लिहू?"

"त्याची गरज नाही."

"गरज नाही म्हणून तर चोपन्न उरल्या," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सोबत जोडायला दोन कोरे कागद मागितले.

घरी परतताना भाऊजी पुढे आणि वहिनी मागे चालत होत्या. प्रत्येक कोपऱ्यावर ते थांबत, मागे वळून बघत, "आलात का?" विचारत, आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या कोपऱ्याकडे निघत. घराच्या दाराशी वहिनी पोचल्या तेव्हा गॅस बारीक केलेला होता आणि रेडिओचा आवाजही.

त्या संध्याकाळी वहिनींनी तारीख, वार आणि हवा लिहिली, तपासणीचा निकाल लिहिला, आणि शेवटी लिहिलं : भाऊजींची पहिली पाळी उद्यापासून. गजराच्या घड्याळात नवा सेल घातला. गजर साडेचारचा.